मठपती मॅडमचे ढग

कॉलेजची गच्ची मागायला कोणी बाई आल्या आहेत, असं शिपायानं येऊन सांगितलं तेव्हा आमच्या प्राचार्यांना वाटलं, मोबाइलच्या टॉवरचं काम असणार. त्याआधी दोन कंपन्यांची माणसं येऊन गेली होती. मी पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे तारा, वीज, यंत्रं असा काही विषय निघाला की प्राचार्य मला बोलावून घेतात. मी गेले तर समोर साठीकडे झुकलेल्या एक उंच, सावळ्या बाई बसल्या होत्या. सुती साडी, साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी पांढरा शर्ट आणि मांडीवर रुंद काठाची टोपी. पुढ्यातला चहा निवून साय धरत होता आणि बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

टॉवर असेल तर व्यवस्थापनाला विचारावं लागेल, असं प्राचार्य म्हणाले. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “टॉवर नाही. दोन वाडग्यांएवढी यंत्रं आहेत. ती आभाळाकडे तोंड करून ठेवायची आणि त्यांच्यावर कुणाची सावली पडू द्यायची नाही. एवढंच.”

ही माझी आणि डॉ. गौरा मठपतींची पहिली भेट. त्या मूळच्या अक्कलकोटच्या, घरी कानडी, शाळेत मराठी. वडिलांची धान्याची आडत होती. पुण्यातल्या एका संस्थेत त्यांची उभी नोकरी झाली, आणि त्यांचं काम होतं उपग्रहातून ढग बघण्याचं. सूर्याचं ऊन पृथ्वीवर येतं, जमीन तापते आणि ती उष्णता पुन्हा वर आकाशात जाते. या जाण्यायेण्याच्या वाटेवर ढग उभे असतात. ते किती ऊन अडवतात, किती उष्णता धरून ठेवतात, हा त्यांच्या आयुष्याचा विषय. मी एकदा त्यांना विचारलं, की उपग्रह सगळं वरून दाखवतो, मग आमच्या गच्चीवर यायची गरज काय? त्या म्हणाल्या की वरून बघणाऱ्याला ढगाचं डोकं दिसतं, पाय दिसत नाहीत. कुणीतरी खाली उभं राहून वर बघायला हवं, आणि दोघांचं जुळतंय का ते ताडून घ्यायला हवं.

सोलापूरच का, याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. आमच्याकडे आभाळ भरून येतं आणि न बरसता निघून जातं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यात धूळ, त्यात उन्हाळ्यात तव्यासारखी तापणारी काळी जमीन. उपग्रहाला घोटाळ्यात पाडायला याहून चांगली जागा नाही, असं त्या कौतुकानं सांगत. आमच्या गावाचं कौतुक या कारणासाठी करणारं दुसरं माणूस मला भेटलेलं नाही.

यंत्रं बसली. एकावर पारदर्शक काचेचा घुमट होता, ते उन्हाचं माप घेई. दुसऱ्यावरचा घुमट काळपट, ते आभाळाकडून खाली येणारी उष्णता मोजी. मॅडमनी जवळच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. रोज सकाळी त्या मलमलीच्या तुकड्यानं दोन्ही घुमट पुसत, तान्ह्या बाळाची टाळू पुसावी तितक्या हलक्या हातानं. मग कठड्याशी उभं राहून आभाळ बघत. डबा आणलेला असे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरीचा तुकडा मोडून हातात धरत आणि वर काही दिसलं की तो हातातच राही. कावळे हे ओळखून होते. कितीदा तरी तुकडा कावळ्यानं नेला आणि मॅडमना ते नंतर कळलं.

त्यांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येत. काही नवीन ऐकलं की “हौदा?” म्हणजे कानडीत “असं होय?” आणि पाठोपाठ “कशावरून?” हा दुसरा शब्द त्या सगळ्यांना लावत. भाजीवाली म्हणाली मेथी ताजी आहे, कशावरून? प्राचार्य म्हणाले यंदाची मुलं हुशार आहेत, कशावरून? त्यात खोच नसायची. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. पण समोरचा माणूस गडबडून जायचा. माझंही सुरुवातीला तसंच झालं. पुढे मी वर्गात शिकवताना स्वतःलाच विचारायला लागले, की हे मी मुलांना सांगते आहे ते कशावरून?

यंत्रं बसून काही आठवडे झाले असतील. मॅडम एका सकाळी गोंधळलेल्या चेहऱ्यानं स्टाफरूममध्ये आल्या. उन्हाच्या आलेखात मधूनमधून एक खड्डा दिसत होता. सकाळी ऊन चांगलं वर आलं की अचानक कमी व्हायचं, दुपारी पुन्हा सरळ. जणू गच्चीवर एक छोटासा ढग येऊन थांबतो. उपग्रह मात्र म्हणत होता की आभाळ स्वच्छ आहे. आणि हे रोज नाही, चार-पाच दिवसांआड. मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. त्या म्हणाल्या, “यंत्र बिघडलं तर रोज बिघडेल. सुट्टी घेऊन बिघडणार नाही.”

मग त्या गच्चीवर छत्री घेऊन बसायला लागल्या. पहिले दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. त्यानंतर एका सकाळी त्यांनी मला तासावरून बोलावून घेतलं. वर गेले तर आमच्या वॉचमनची बायको, नरसम्मा, टाकीच्या खांबाला बांधलेल्या दोरीवर चादरी वाळत घालत होती. सोलापुरी चादर ओली असताना दोन माणसांना उचलत नाही आणि तिची सावली भिंतीसारखी पडते. ती बरोबर यंत्रावर पडली होती. शहरात नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांआड. पाणी आलं की नरसम्मा धुणं काढायची, आणि धुणं निघालं की आलेखात ढग यायचा.

नरसम्मा घाबरून चादरी गोळा करायला लागली. मॅडमनी तिला थांबवलं. त्यांना इतका आनंद झाला होता, की कोडं सुटल्याचा तो आनंद बघून नरसम्माही हसायला लागली. शेवटी दोघींनी मिळून दोरी सोडली आणि टाकीच्या पलीकडे, उत्तरेला नेऊन बांधली. त्या दिवसांच्या नोंदींपुढे मॅडमनी शेरा लिहिला, ‘महापालिकेचा ढग’. पुण्याहून कुणीतरी फोन करून विचारलं, हा ढगाचा कुठला प्रकार? मॅडमनी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं, अगदी चादरीच्या वजनासकट.

वरचं आणि खालचं जुळलं नाही, की आधी खालच्यावर संशय घ्यायचा, ही त्यांची रीत मी तेव्हा पाहिली. आपलं यंत्र, आपली गच्ची, आपला हात, हे आधी तपासायचं.

मंगळवेढ्याला एकदा शेतकऱ्यांपुढे त्यांचं व्याख्यान होतं, मी सोबत गेले होते. ज्वारी पोटरीत आली होती. मॅडमनी उपग्रहाची चित्रं दाखवली, लोकांनी शांतपणे बघितली. मग मागून एका म्हाताऱ्यानं हात वर केला. त्याला पावसाचं विचारायचं असेल, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं विचारलं, “बाई, थंडीच्या दिसात आभाळ आलं की रातची थंडी कुटं जाती वो? आन् आभाळ फाटलं की तीच थंडी परत कशी येती?”

मॅडम व्यासपीठावरून उतरल्या आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. बाकीचं व्याख्यान तिथूनच झालं. जमीन दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब वर सोडून देते, त्यांनी सांगितलं. आभाळ मोकळं असलं की ऊब निघून जाते, पीक गारठतं, दव पडतं. ढग आला की तो गोधडीसारखा वर पसरतो, ऊब खालीच राहते. पण तोच ढग दिवसा छत्री होतो आणि ऊन अडवतो. आता एखादा ढग एकूण हिशेबात छत्री जास्त की गोधडी जास्त, हे ठरवायचं, तेच माझं काम, असं त्या म्हणाल्या. “आन् ते कशावर ठरतं?” म्हातारा म्हणाला. मॅडम हसून म्हणाल्या, “बऱ्याचशा गोष्टींवर. पण मुख्य म्हणजे, तो किती जाड आहे आणि किती उंचावर आहे.”

परतताना एसटीत त्या मला म्हणाल्या, इतका नेमका प्रश्न मला कुठल्या परिषदेत कुणी विचारला नव्हता. मग म्हणाल्या, आणि मी उत्तर दिलं खरं, पण उंचीचं आपल्याला नक्की ठाऊक आहे का? त्या वेळी मला ते नुसतं बोलणं वाटलं.

त्यांचा एक शोधनिबंध फार गाजलेला होता. त्यांनी आणि त्यांचे गुरू डॉ. सबनीस यांनी मिळून लिहिलेला. सबनीस सरांनी मॅडमना संशोधनात आणलं, घडवलं. सरांनी ऐंशी ओलांडली तरी दोघांचा आठवड्याला फोन असे. निबंधाचा निष्कर्ष असा होता, की उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या पठारावर पातळ, कमी उंचीचे ढग वाढत आहेत आणि ते जमिनीला थोडा गारवा देतात. म्हणजे ते छत्री आहेत. वाढत्या उष्म्याच्या काळात ही दिलाशाची गोष्ट होती, म्हणून तो निबंध पुष्कळांनी आधाराला घेतला. नव्या उपग्रहावरच्या एका उपकरणाचा प्रस्तावही त्याच्यावरच उभा होता आणि त्या गटाचं प्रमुखपद मॅडमकडे येणार, असं जवळपास ठरलं होतं. पुण्यात सबनीस सरांचा मोठा सत्कारही व्हायचा होता.

मार्चमधली दुपार होती. घुमट पुसायची मलमल संपली म्हणून आम्ही नवी पेठेत गेलो होतो. दुकानातून बाहेर आलो तर रस्ता थांबलेला. रिक्षा मध्येच उभ्या, दुकानदार पायऱ्यांवर, सगळ्यांचे मोबाइल वर. सूर्याभोवती भलं मोठं खळं पडलं होतं, आतून तांबूस, बाहेरून फिकट. कुणी म्हणे काही वाईट होणार, कुणी म्हणे पाऊस येणार. एक रिक्षावाला मॅडमची टोपी बघून म्हणाला, “मॅडम, सूरज कू घेरा कायकू पड्या?”

मॅडमनी हात पुढं लांब केला, अंगठ्यानं सूर्य झाकला आणि वीत पसरली. करंगळी बरोबर कड्याला लागली. त्यांनी रिक्षावाल्याला समजावलं, की खूप उंचावर, विमानं जातात त्या उंचीला बर्फाच्या बारीक कणांचा पातळ ढग आला आहे. उजेड त्या कणांतून वळतो आणि एक वीत अंतरावर कडं दिसतं. पाण्याच्या थेंबांच्या खालच्या ढगात असं कडं पडत नाही. रिक्षावाल्यानंही वीत धरून बघितली. आजूबाजूचे चार लोक हात लांब करून बघायला लागले. मॅडम कौतुकानं त्यांच्याकडे बघत होत्या, आणि बघताबघता त्यांचा चेहरा बदलला. मला म्हणाल्या, “विद्या, चल. उपग्रह आत्ता काय म्हणतोय ते बघायचंय.”

आम्ही परत आलो. त्या वेळचं उपग्रहाचं चित्र संध्याकाळी हाती आलं. मॅडमच्या पद्धतीनं आकडेमोड केली तर उत्तर आलं, सोलापूरवर पातळ, कमी उंचीचा ढग.

या वेळीही त्यांनी आधी खालचं तपासलं. खालचा ढग असता तर काळपट घुमटाच्या यंत्राला त्याची ऊब लागली असती. यंत्राला काहीच लागलं नव्हतं. मग त्यांनी गच्चीवरून आजवर खळं दिसलेले सगळे दिवस काढले, एकेक करून ताडले. उन्हाळ्याच्या तोंडचे बहुतेक दिवस तसेच निघाले. ढग बर्फाचे, उंचावरचे, आणि त्यांच्या हिशेबात खालचे.

हे कसं झालं ते त्यांनी मला दोन पेल्यांवरून सांगितलं. एकात कढत पाणी, एकात माठातलं. दोन्ही एकत्र ओतलं आणि मला बोट बुडवायला लावलं. कोमट. “उपग्रहाचं हेच झालं,” त्या म्हणाल्या. ढग इतका विरळ, की त्यातून खालची तापलेली काळी जमीनही दिसते. बर्फाची थंडी आणि जमिनीची आग मिसळून उपग्रहाला कोमट काहीतरी दिसतं. कोमट म्हणजे खालचा ढग, असं त्यांच्या पद्धतीनं धरलं. विरळ ढग ओळखायची एक चाचणी त्यांनी घातली होती, पण ती या जमिनीवर चुकत होती.

आणि उंची बदलली की सगळंच बदलतं. उंचावरचा विरळ ढग ऊन खाली येऊ देतो आणि उष्णता मात्र वर जाऊ देत नाही. म्हणजे तो छत्री नव्हे, गोधडी. ज्याला गारवा म्हटलं ती ऊब होती.

मी विचारलं, आता काय करणार? त्यांनी आश्चर्यानं माझ्याकडे बघितलं. निबंध मागे घ्यायचा, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते सरांना सांगण्याचं. हे फोनवर सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मला पुण्यात विद्यापीठात काम होतं, म्हणून आम्ही एकाच गाडीनं निघालो. त्यांनी मला सरांकडे बरोबर यायला सांगितलं. म्हणाल्या, तू खळं बघितलंयस.

सर आरामखुर्चीत बसले होते. मॅडमनी आलेख त्यांच्या मांडीवर ठेवले आणि सगळं क्रमानं सांगितलं. सरांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, “गौरा, हे माझ्यानंतर कर.”

मॅडम म्हणाल्या, “सर, तुमच्यानंतर केलं तर मी चुकत असेन ते मला कोण सांगणार?”

सरांनी आलेख परत केले. सूनबाईंनी चहा आणला, तो आम्ही प्यालो. निघताना मॅडम नेहमीसारख्या पाया पडल्या. सरांचा हात उठला नाही.

गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. दौंड गेलं, कुर्डुवाडी गेली. आभाळ छान होतं, पण त्यांनी वर बघितलं नाही. मी त्यांना इतका वेळ वर न बघता कधी पाहिलं नव्हतं. सोलापूर जवळ आल्यावर म्हणाल्या, सर मला रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी नियतकालिकाला कळवलं. आमची पद्धत चुकली आहे, निष्कर्ष उलटा आहे, निबंध मागे घेत आहोत. आणि खाली स्वतःची सही, कारण सरांनी केली नाही. त्याची फळं आली. प्रमुखपद दुसऱ्या कुणाकडे गेलं. ज्यांनी त्या निबंधावर आपलं काम उभं केलं होतं, ते नाराज झाले. एका तरुण संशोधकानं फोनवर फार बोलून घेतलं, ते मॅडमनी पुरतं ऐकलं आणि त्याला स्वतःकडची सगळी माहिती पाठवून दिली. सरांचा सत्कार झाला. त्यात त्या निबंधाचा उल्लेख झाला नाही आणि मॅडमना आमंत्रण नव्हतं. त्या दिवशी त्या गच्चीवर आल्या, घुमट पुसले, डबा न उघडता परत नेला.

आठवड्याचा फोन बंद झाला. उन्हाळा गेला, पावसाळ्याचे कोरडे दिवस सुरू झाले. मॅडम काम करत होत्या, “कशावरून” म्हणत होत्या, पण प्रश्न विचारून उत्तराआधीच त्यांचं लक्ष दुसरीकडे जायचं.

एका दुपारी आम्ही दोघी गच्चीवर होतो. त्यांचा फोन वाजला. नाव बघून त्या उभ्या राहिल्या. पलीकडून आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. नमस्कार नाही, चौकशी नाही. सर म्हणाले, “गौरा, तुझं हे खळ्याच्या दिवसांचं. दुसरा उपग्रह तिरका बघतो. त्याला तो ढग किती उंच दिसतो? दोघांना ढग ज्या जागी दिसतो, त्या जागांतला फरक काढलास का?”

मॅडम म्हणाल्या, “नाही काढला, सर.”

“मग कशावरून म्हणतेस?”

तेव्हा मला कळलं, तो शब्द मुळात कुणाचा होता. मॅडम टाकीच्या सावलीत खाली बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि दुसऱ्या क्षणी कोनांबद्दल बोलायला लागल्या. मी जिना उतरून आले. तासानंतर पुन्हा वर डोकावले तर बोलणं चालूच होतं आणि आता मॅडम भांडत होत्या.

पुढचा निबंध दोघांनी मिळून लिहिला. त्यात ढग योग्य उंचीवर होते. तो पहिल्याइतका गाजला नाही. वाईट बातमी गाजायला वेळ लागतो, असं मॅडम म्हणाल्या. छापून आला तेव्हा सर अंथरुणाला खिळले होते, पण त्यांनी तो वाचून घेतला आणि एका आकृतीत चूक काढली. मॅडम ती चूक महिनाभर सगळ्यांना आनंदानं सांगत होत्या.

प्रकल्प संपला. यंत्रं पेट्यांत बांधून गेली, मॅडमनी खोल्या सोडल्या. त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या, गेल्या वर्षी, एसटी स्टँडवर. सर त्याआधीच गेले होते. मॅडम अक्कलकोटला भावाकडे निघाल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले, गुडघा दुखत होता, पण टोपी होती. सध्या काय चाललंय विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, एक गोष्ट कळत नाहीये. आणि मग पहाटेच्या धुक्याबद्दल असं काही सांगायला लागल्या की बस लागल्याचं आम्हा दोघींना कळलं नाही. मी त्यांना हाताला धरून चढवलं. त्यांनी शेजारच्या बाईला कानडीत विनवून खिडकीची जागा मिळवली.

बस निघाली. फलाटावरून वळताना मी बघितलं, तर त्यांनी टोपी काढून मान खिडकीबाहेर काढली होती आणि वर बघत होत्या. मी हात हलवला, त्यांचं लक्ष नव्हतं. कंडक्टर आतून ओरडला, “ओ मॅडम, डोकं आत घ्या की.” डोकं आत गेलं. बस फाटकाशी पोचली आणि वळायच्या आत ते पुन्हा बाहेर आलं.